शिट्टीने दगा दिला म्हणे

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, आणि मी वाजते. ही दुसरी गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण जुनी म्हटले की 'बिघडलेली' हा शब्द लोक आपणहून जोडून घेतात. माझ्याबद्दल एका बस डेपोत असेच बोलले गेले. बोलणारा परका असता तर मी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिले असते. पण ज्याच्या गळ्यातला मी ताईत होते, तोच बोलला. म्हणून आज तुम्हाला सगळे पहिल्यापासून सांगते. माझा आवाज मुळातच जरा चढा आहे, तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या छोट्याशा कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापून, वाकवून, डाख देऊन मला सांधले आणि माझ्या पोटात बुचाची एक गोळी घातली. ती गोळी म्हणजे माझा जीव. ती आत मोकळी नाचली तरच माझ्यातून खणखणीत आवाज निघतो. कारागिराने मला तोंडाला लावून एकदा फुंकले, समाधानाने मान हलवली आणि खोक्यात टाकले. त्यानंतर माझ्या आवाजाबद्दल कुणी शंका घेतली नाही. घेतली ती थेट म्हातारपणी.

डेपोत माझा माणूस बसगाड्या मागे घेण्याचे काम करीत असे. हे काम वाटते तितके सोपे नाही. ड्रायव्हरला पुढचे दिसते, आजूबाजूचे दिसते, फक्त जिकडे गाडी चालली आहे तिकडचे दिसत नाही. म्हणून हा गाडीच्या पाठीमागे उभा राहायचा, एक हात हलवत "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" असे ओरडायचा, आणि भिंत वीतभर उरली की मला फुंकायचा. माझा एक आखूड आवाज झाला की एवढे मोठे धूड जागच्या जागी थांबायचे. आयुष्यभर येऊ दे, येऊ दे करून त्याचे नावच 'येऊदे' पडले. तरुण ड्रायव्हर त्याला येऊदेकाका म्हणत. खरे नाव पगाराच्या दिवशी तेवढे ऐकू यायचे, आणि तेव्हा तो स्वतःच मागे वळून बघायचा, कुणाला हाक मारली म्हणून.

तो तंबाखू खायचा. हे मी झाकून ठेवणार नाही. सकाळी डेपोच्या फाटकात शिरताना गालात चिमूट असायची आणि संध्याकाळी बाहेर पडतानाही असायची. पण माझ्या बाबतीत त्याचा एक नियम होता. मला हातात घेण्याआधी तो थुंकायचा, नळावर जाऊन खळखळून चूळ भरायचा, बाहीला ओठ पुसायचा आणि मगच मला तोंडाला लावायचा. ड्रायव्हर खोळंबायचे, हॉर्न वाजवायचे, त्याच्या नावाने बोटे मोडायचे. "थांब रे," तो म्हणायचा, "हिच्या पोटात कण गेला तर आवाजच बसेल हिचा." त्याच्या तोंडाला वास येई, पण त्याने मला कधी घाण केले नाही. मला त्याचा अभिमान वाटत असे. आता तो शब्द उच्चारतानासुद्धा मला संकोच होतो.

एकदा डेपोतल्या सगळ्यांचे दात आणि तोंड तपासायला डॉक्टर आले. येऊदेला त्यांनी तोंड उघडायला सांगितले. त्याने उघडले, पण पुरते उघडेना. डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड डाव्या गालावर धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मी त्याच्या छातीवर लोंबत होते, त्यामुळे आतली धडधड मला स्पष्ट कळत होती.

"पांढरा डाग आहे," डॉक्टर म्हणाले. "आज बंद केलंत तर बहुतेक आटोक्यात राहील. नाही केलंत तर पुढच्या वेळी माझ्याकडे येऊन उपयोग नाही, मोठ्या इस्पितळात जावं लागेल. मी परत तपासायला येणार आहे."

येऊदेच्या तोंडचे पाणीच पळाले. तो बाहेर येऊन पायरीवर बसला. त्याच्या शेजारी डेपोचा मिस्त्री येऊन बसला. मिस्त्री म्हणजे गाड्यांखाली सरपटणारा, कोपरापर्यंत तेलाने काळा झालेला, बोलण्यात तिरकस आणि मनाने मऊ माणूस. या दोघांमध्ये कित्येक वर्षे एकच पुडी चालत आली होती. एकाने आणायची, दुसऱ्याने संपवायची. मिस्त्रीचे तोंडही तपासून झाले होते आणि त्यात काही निघाले नव्हते.

"एकट्याने सुटायची नाही तुला," मिस्त्री म्हणाला. "मी पण सोडतो."

"तुला काय धाड भरलीय? तुझं तोंड स्वच्छ निघालं."

"निघालं ना. पण मी समोर बसून खातोय आणि तू सोडतोयस, हे जमेल का तुला?"

मिस्त्रीने खिशातली पुडी काढून कचऱ्याच्या पिंपात टाकली आणि वरून तेलकट फडके टाकले, परत उचलायचा मोह नको म्हणून.

मित्रांनो, सुरुवातीचे आठवडे फार वाईट गेले. येऊदेचे डोके सतत जड असे. झोप नीट लागत नसे. ड्रायव्हरने गाडी जरा तिरकी लावली की हा त्याच्या सात पिढ्या काढायचा. तिकडे मिस्त्री रागाच्या भरात नट इतके आवळून ठेवायचा की दुसऱ्या दिवशी ते त्याचे त्यालाच सुटत नसत, मग तो आवळणाऱ्याला शिव्या घालायचा. दोघांच्याही तोंडाला चाळा हवा होता. त्यांनी लवंगा चघळल्या, मनुका खाल्ल्या, आगकाड्या चावून चावून त्यांचा भुगा केला. शेवटी येऊदेने मला दातांत धरले. "ही तोंडात असली की दुसरं काही आत शिरत नाही," तो म्हणाला. मला केवढे बरे वाटले, काय सांगू. आजवर मी गाड्या थांबवल्या होत्या, आता एका माणसाला सावरायचे काम माझ्याकडे आले होते.

त्यांनी एक खूण ठरवली. तलफ आली आणि फलाटावर गाडी नसली, तर येऊदेने मला दोनदा हळूच फुंकायचे. मिस्त्रीने असेल तिथून यायचे. मिस्त्रीला तलफ आली तर त्याने पाना टेबलाला जडवलेल्या लोखंडी शिकंज्यावर दोनदा आपटायचा, मग येऊदेने जायचे. येऊन काय करायचे, तो शोध मिस्त्रीचा. "तलफ ही गाडीसारखीच असते," तो म्हणायचा. "मागून येते, मोठी दिसते, वाटतं आता अंगावर आली. तिला ढकलत बसलास तर दमशील. येऊ द्यायची आणि वेळेवर बास म्हणायचं." मग दोघे समोरासमोर उभे राहात. एकजण गाडी मागे घेतल्यासारखा हात हलवत म्हणे, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." दुसरा डोळे मिटून, श्वास धरून उभा असे. तलफेचा जोर ओसरला की तो म्हणे, "बास." आणि दोघे आपापल्या कामाला जात.

यात एकदा मोठी गंमत झाली. दोघे असे उभे असताना पलीकडे एक ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसला होता. "येऊ दे, येऊ दे" कानावर पडताच त्याने इमानेइतबारे गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि पाण्याचे भरलेले पिंप आडवे केले. सगळीकडे पाणीच पाणी.

"डोळे फुटले का तुझे?" येऊदे ओरडला.

"तुम्हीच म्हणालात येऊ दे."

"तुला नाही रे, तलफेला म्हणत होतो."

"आता ही कोण नवीन? कुठल्या मार्गावर असते?"

मग त्याला सगळे समजावून सांगावे लागले आणि ते डेपोभर झाले. जाता-येता ड्रायव्हर खिडकीतून ओरडू लागले, "काय काका, येऊ दे?" आणि हा तोऱ्यात उत्तर द्यायचा, "बास." त्याचे बघून तीन ड्रायव्हरांनी आपापल्या पुड्या त्याच पिंपात टाकल्या. येऊदेच्या बायकोने माझ्यासाठी निळ्या सुताचा नवा गोफ विणला. तो माझ्या कडीत ओवताना ती म्हणाली, "हिच्यामुळे माझा माणूस ताळ्यावर आला." मी तेव्हा लाजले होते.

मग सुट्टीच्या दिवशी तो बहिणीकडे गेला. मी खिशात होते. जेवणे झाल्यावर मेहुण्यांनी पुडी पुढे केली. "सोडली मी," येऊदे म्हणाला. "अहो, सोडली तर सोडली, एका चिमटीने काय आभाळ कोसळतंय?" मेहुणे हसले, आणि थोड्या वेळाने येऊदेही हसला. ते हसणे मला आवडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चेहरा पाडूनच डेपोत आला आणि सरळ मिस्त्रीकडे गेला. "अरे, काल जरा..." एवढे त्याच्या तोंडून निघाले होते, हे मी शपथेवर सांगते. तेवढ्यात डेपोच्या साहेबांनी सगळ्यांना विश्रांतीच्या खोलीत बोलावले. साहेबांनी येऊदेला पुढे उभे केले. इच्छाशक्ती म्हणजे काय ते या माणसाकडून शिका, असे म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात मिस्त्रीने वाजवल्या, तेलाच्या हातांनी. ओठांवर आलेले वाक्य येऊदेने गिळून टाकले.

आणि एकदा गिळलेले बाहेर काढणे किती कठीण असते, ते मी पुढे बघितले. आदल्या दिवशीची चिमूट एकटी राहिली नाही. तो हातरुमालाच्या घडीत पुडी लपवू लागला आणि वास झाकायला वर लवंग चघळू लागला. आता त्याची पंचाईत अशी की, नळावर जाऊन चूळ भरायची सोय राहिली नव्हती. तंबाखू सोडलेला माणूस गाडी लावण्याआधी थुंकतो कशाला, असे कुणीही विचारले असते. म्हणून तो गालातली चिमूट तशीच ठेवून मला तोंडाला लावू लागला. उघडपणे खात होता तेव्हा जे त्याने कधी केले नाही, ते चोरून खाताना बेधडक केले. 'तोंडाला पाने पुसणे' हा वाक्प्रचार तुम्ही शाळेत शिकला असाल. माझ्या तोंडाला खरोखरच पाने पुसली गेली, आणि तीही तंबाखूची.

पण याहून वाईट गोष्ट सांगायची राहिलीच. मिस्त्रीला संशय येऊ नये म्हणून तो अधूनमधून मला दोनदा हळूच फुंकायचा. गालात चिमूट असताना, तलफेचा पत्ता नसताना. बिचारा मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर यायचा, हात पुसत धावायचा आणि समोर उभा राहून मनापासून म्हणायचा, "येऊ दे, येऊ दे." त्याचे स्वतःचे डोके तेव्हा ठणकत असायचे. उगाच थोडा वेळ काढून येऊदे म्हणायचा, "बास." मित्रांनो, त्या दोन फुंका माझ्या आवाजात होत्या. त्याने माझ्याकडून खोटे वदवून घेतले. त्याला मी कशी थांबवणार होते? फुंकर आली की मला वाजावेच लागते.

शेवटी मी वाजले नाही. ठरवून नव्हे, तसे मला येत असते तर मी कधीच गप्प बसले असते. तंबाखूचे कण दिवसेंदिवस माझ्या पोटात साचत गेले, थुंकीने फुगले आणि गोळीला चिकटून बसले. त्या दुपारी एक गाडी मागे येत होती. येऊदे हात हलवत होता. गाडीच्या मागच्या बाजूला, भिंतीलगत, मिस्त्री पडलेला एक बोल्ट शोधत वाकलेला होता. तो तिथे आहे हे येऊदेला अगदी शेवटी दिसले. त्याने मला जिवाच्या आकांताने फुंकले. माझ्यातून नुसती फुस्स हवा आली. त्याने पुन्हा फुंकले, पुन्हा तेच. मग तो घसा फोडून ओरडला, पण इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला ते ऐकू गेले नाही. मिस्त्रीनेच चाहूल लागून बाजूला अंग टाकले. त्याची हत्यारांची पेटी चाकाखाली आली आणि पापडासारखी चपटी झाली.

माणसे धावली. ड्रायव्हर खाली उतरला. कोपर खरचटलेला मिस्त्री जमिनीवर बसून पेटीकडे बघत होता. साहेब आले आणि विचारू लागले, काय झाले, कसे झाले. येऊदेचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने गोफासकट मला गळ्यातून काढले आणि सगळ्यांसमोर वर धरले.

"शिट्टी वाजली नाही, साहेब. जुनी झाली. ऐन वेळी दगा दिला हिने."

दगा दिला म्हणे. मी. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणीतरी म्हणाले, "भंगारात टाका ती." वर्षानुवर्षे मी त्याच्यासाठी गाड्या थांबवल्या, त्याची तलफ थोपवली, त्याचे खोटेही पोटात घातले, आणि शेवटी त्यानेच माझा असा केसाने गळा कापला. मला उलट बोलता आले असते तर त्या फलाटावरची एकही गाडी त्या दिवशी हलली नसती.

साहेबांनी त्याला लगेच नवी प्लास्टिकची शिट्टी दिली. मला मिस्त्रीने उचलले. "वस्तू उगाच बिघडत नाही," तो पुटपुटला, "बघतो काय झालंय ते." त्याने मला आपल्या टेबलावर एका वाटीत रॉकेलमध्ये बुडवून ठेवले आणि मग बारीक तारेने माझे पोट कोरू लागला. आधी काही निघाले नाही. मग तपकिरी, ओलसर, दोऱ्यासारखे काहीतरी तारेला लागून बाहेर आले. त्याने ते बोटावर घेतले आणि नाकाजवळ नेले.

रॉकेलच्या वासातूनही त्याने ते ओळखले. इतक्या आठवड्यांनी तो वास त्याच्या नाकात गेला होता. त्याचा हात थबकला. बोट ओठांपासून किती जवळ होते हे मला दिसत होते, आणि त्या क्षणी माझा स्वतःचा राग मी विसरले. याने पुन्हा सुरू करू नये, एवढेच मला वाटत होते. मिस्त्रीने पाना उचलला आणि शिकंज्यावर दोनदा आपटला.

येऊदे आला. सवयीने हात हलवायला लागला, "येऊ दे, येऊ..." आणि त्याला मिस्त्रीचे बोट दिसले.

त्याने हात खाली घेतला.

"कधीपासून?" मिस्त्रीने विचारले.

"बहिणीकडे गेलो होतो तेव्हापासून."

"आणि मला उगाच पळवत होतास."

"सांगणार होतो रे. दुसऱ्याच दिवशी सांगणार होतो. पण टाळ्या वाजल्या."

"डाग तुझ्या गालात आहे," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. "माझ्या गालात काय होतं? मी कुणासाठी सोडली?"

येऊदे खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मिस्त्रीने बोट फडक्याला पुसले आणि ते फडके दूर फेकले. मग त्याने मला धुतले, पुसले, फुंकून पाहिले. मी खणखणीत वाजले. दोघांनीही मान खाली घातली.

"माझी माफी मागू नकोस," मिस्त्री म्हणाला. "मला आत्ता ती देता येणार नाही. पण सगळ्यांसमोर हिच्या नावाने बोललास, ते सगळ्यांसमोर परत घे. तुझं बघून तीन पोरांनी सोडलीय. त्यांनाही उद्या असं काही होईल. त्यांनी काय करायचं, रुमालात लपवायचं?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत विश्रांतीच्या खोलीत सगळे डबे उघडून बसले होते. येऊदे दारात उभा राहिला. त्याच्या हातात ती रुमालातली पुडी होती. ती त्याने टेबलावर ठेवली.

"शिट्टी चांगली होती," तो म्हणाला. "माझंच तोंड खराब होतं."

एवढेच बोलला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक-दोघांनी तोंड फिरवले. ज्याची गाडी मिस्त्रीच्या अंगावर जाता जाता राहिली होती, तो ड्रायव्हर डबा बंद करून उठून बाहेर गेला. मग कोपऱ्यातून त्या तीन पोरांपैकी एकजण हळूच म्हणाला, "काका, माझाही परवा पाय घसरला. म्हटलं कुणाला सांगू." मिस्त्रीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि बाकावर जरा सरकून जागा केली.

डॉक्टर पुन्हा येऊन गेले. मिस्त्री येऊदेसोबत आत गेला होता, कारण आता याच्या शब्दावर कुणी काही सोडत नव्हते. डाग वाढलेला नाही आणि गेलेलाही नाही. "आता खरंच बंद असेल तर पुढच्या वेळी कळेल," डॉक्टर म्हणाले. तलफ आली की येऊदे आता चालत मिस्त्रीकडे येतो आणि समोर उभा राहतो. मिस्त्री हात हलवतो, पण आधी त्याला तोंड उघडायला लावतो.

मी मिस्त्रीच्या खणात असते. येऊदे कधीतरी खण उघडून मला बघतो. ती प्लास्टिकची फार किरकिरी आहे, असे काहीतरी म्हणतो. "अजून नाही," मिस्त्री म्हणतो आणि खण बंद करतो. माझे मत कुणी विचारत नाही, पण विचारले तर मीही हेच म्हणेन.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी तंबाखू सोडत असेल, तर त्याच्यासोबत उभे राहा. त्याच्यासाठी टाळ्याही वाजवा, फक्त इतक्या जोरात नको की त्याला मध्येच 'चुकलो' म्हणताच येणार नाही. आणि चुकणारे तुम्ही असलात, तर त्याच दिवशी सांगून मोकळे व्हा, जवळच्या मुक्या वस्तूवर ढकलू नका. आम्हाला उलट बोलता येत नाही, पण चव कळते.